पन्नास पैशांची दुधाची पिशवी

आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत करतात. तीन-चार महिन्यांनी एक खड्डा रिकामा होतो, खत उन्हात पसरतात आणि मग आम्ही दोघी-तिघी चाळण्या घेऊन बसतो. चाळणीवर काय उरणार ते ठरलेलं असतं. आंब्याच्या कोयी, नारळाच्या शेंड्या, चुकून गेलेला एखादा चमचा, आणि त्रिकोण. नखाएवढे, निळे, हिरवे, केशरी. दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे. कोय तोवर बोटांनी मोडेल इतकी मऊ झालेली असते. त्रिकोणावरची शाईसुद्धा फिकी पडलेली नसते.

पिशवी सुक्या कचऱ्यात टाकायची हे बहुतेकांना आता ठाऊक आहे. कोपऱ्याचं तसं होत नाही. चहाचं आधण उकळत असतं, कात्रीने कोपरा उडवला की तो ओला तुकडा बोटाला चिकटतो आणि चोथ्याबरोबर ओल्या डब्यात नाहीतर थेट सिंकमध्ये जातो. तिथून गटार, गटारातून नाला, नाल्यातून खाडी.

ते त्रिकोण निवडताना मला २०१८ सालची योजना आठवते. राज्य सरकारने दुधाच्या प्रत्येक पिशवीला पन्नास पैशांची परत-किंमत लावायचं ठरवलं होतं. रिकामी पिशवी दुकानात द्यायची आणि पन्नास पैसे परत घ्यायचे. ही योजना आमच्या स्वयंपाकघरापर्यंत कधी पोचलीच नाही. ती का पोचली नाही हे नीट पाहिलं, तर काच बरी की प्लास्टिक, खोका बरा की कॅन, हा जो वाद आपण घालतो तो बराचसा भलत्याच जागी चाललाय असं मला वाटायला लागलं. वस्तू कशाची आहे याइतकंच, किंबहुना जास्त महत्त्व, ती परत न्यायला कोण येतं याला आहे.

ठरलं काय होतं

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्राने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंवर बंदीची अधिसूचना काढली. तीन महिन्यांची सवलत दिली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,००० आणि तिसऱ्यांदा २५,००० रुपये व तीन महिन्यांची कैद. भाजीवाल्यांच्या हातगाड्यांवरून पातळ पिशव्या एका आठवड्यात गायब झाल्या होत्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

दुधाची पिशवी मात्र या बंदीतून वगळली होती, आणि ते योग्यच होतं. रोजचं दूध दुसऱ्या कशात भरून देणार, याचं उत्तर कुणापाशी नव्हतं. पण सवलतीला अटी होत्या. पिशवी ५० मायक्रॉनपेक्षा पातळ नसावी, ती खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या नव्या प्लास्टिकची असावी, तिच्यावर परत-खरेदीची किंमत छापलेली असावी आणि ती पन्नास पैशांहून कमी नसावी. पिशव्या गोळा करायची व्यवस्था डेअऱ्या, विक्रेते आणि दुकानदार यांनी उभी करायची होती. पाण्याच्या बाटल्यांनाही अशीच परत-किंमत लावलेली होती.

जाडीची अट वरवर उलटी वाटते. प्लास्टिक कमी करायचं तर पिशवी पातळ हवी. पण पातळ पिशवी वजनाला काही भरत नाही, म्हणून ती कुणी उचलत नाही. जाड पिशवीत माल असतो, म्हणून ती उचलली जाते. ही अट लिहिणाऱ्याला भंगाराचा व्यवहार कळत होता असं मला वाटतं.

जून २०१९ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधिमंडळात पुन्हा हा विषय काढला. राज्यात दिवसाला सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या वापरून टाकल्या जातात आणि त्यांचा ३१ टन कचरा होतो, असा आकडा त्यांनी दिला. पन्नास पैशांची व्यवस्था लवकरच लागू होईल असंही सांगितलं. दूध संघांचा विरोध पहिल्यापासून होता, मुदती पुढे जात राहिल्या, त्याच वर्षी निवडणुका झाल्या, आणि योजना मागे पडली.

पन्नास पैसे म्हणजे किती

मंत्र्यांचाच आकडा धरू. एक कोटी पिशव्यांचे ३१ टन, म्हणजे एक पिशवी ३.१ ग्रॅमची. घरच्या काट्यावर दहा पिशव्या धुऊन-वाळवून ठेवल्या तर एकीचं वजन साधारण तेवढंच भरतं. म्हणजे किलोला तीनशेवीस पिशव्या. प्रत्येकीचे पन्नास पैसे धरले तर किलोचे झाले १६० रुपये. त्या वर्षांत या प्लास्टिकचा कोरा दाणा, म्हणजे पिशवी बनवायचा नवा कच्चा माल, किलोला शंभर रुपयांच्या आगेमागे मिळत होता. वापरलेल्या पिशवीला कोऱ्या मालापेक्षा दीडपट भाव!

अनामत रक्कम मालाच्या किमतीहून जास्तच ठेवायची असते, नाहीतर कुणी वस्तू परत आणणार नाही. त्यामुळे यात चूक नाही. अडचण दुसऱ्या टोकाला आहे. किलोवर पाहिलं तर ही रक्कम मोठी आहे, पण नगावर पाहिलं तर ती काहीच नाही. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ नंतर बंद झालं. पन्नास पैशांचं कायद्याने अजून चालतं, पण ते दुकानात दिलं तर कोण घेतं? एका पिशवीचे पैसे परत देताना दुकानदाराच्या गल्ल्यात द्यायला नाणंच नाही. घरात रोज दोन पिशव्या येत असतील तर महिन्याचे तीस रुपये. त्यासाठी साठ पिशव्या धुवायच्या, वाळवायच्या, दुकानात न्यायच्या आणि त्याने मोजून घ्यायच्या.

आता दुकानदाराच्या बाजूने बघा. आमच्या गल्लीतल्या दूधवाल्याचं दुकान म्हणजे एक फ्रीज आणि त्याच्यासमोर उभं राहण्यापुरती जागा. त्याच्याकडे दिवसाला दोनशे-तीनशे पिशव्या परत आल्या तर त्या ठेवायच्या कुठे? त्यातल्या निम्म्या न धुतलेल्या असणार. तासाभरात आंबूस वास आणि मुंग्या, शेजारीच ताजं दूध. मी त्याला एकदा सहज विचारलं, तर तो म्हणाला, “ताई, मोजत बसलो तर दूध कधी विकू?” त्याच्या प्रश्नाला योजनेत उत्तर नव्हतं.

याच्या शेजारी तामिळनाडूतल्या निलगिरीचं उदाहरण ठेवावंसं वाटतं. जंगलात फुटलेल्या दारूच्या बाटल्यांनी जनावरांच्या पायांना जखमा होतात, म्हणून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून २०२२ मध्ये तिथल्या सरकारी दारूच्या दुकानांत बाटलीमागे दहा रुपये जास्त घेऊन रिकामी बाटली दिल्यावर ते परत द्यायला सुरुवात झाली. बहुतांश बाटल्या परत आल्या. दहा रुपये कुणी सोडत नाही, आणि पिणारा स्वतः बाटली परत द्यायला आला नाही तर दुसरं कुणीतरी ती उचलून नेतं. शिवाय बाटली हातात धरून मोजता येते. पिशवी मोजायची वस्तू नाहीच. ती तोलायची वस्तू आहे.

ओट्यामागच्या टाइल्स

आणि तोलायची व्यवस्था आपल्याकडे आधीपासून होती. माझी आई दूध पातेल्यात ओतलं की पिशवीत थोडं पाणी घालून हलवायची. ते पांढरट पाणी चहात नाहीतर कणकेत जायचं, आणि पिशवी उलटी करून ओट्यामागच्या टाइल्सना चिकटवायची. ओली पिशवी टाइलला आपोआप बसते, वाळली की स्वतःहून सुटते. सुटलेल्या पिशव्या एका मोठ्या पिशवीत कोंबायच्या. दोन-तीन महिन्यांनी रद्दीवाले काका आले की रद्दी, बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या असे तीन वेगळे भाव व्हायचे. आईसारखं करणाऱ्या बायका तेव्हा कितीतरी घरांत होत्या. पर्यावरण हा शब्दही त्यांनी त्यासाठी वापरला नव्हता. दोन पैसे सुटतात, आणि चांगली वस्तू टाकवत नाही, एवढंच.

पुढची साखळीही पक्की आहे. भंगारात दुधाच्या पिशवीला “एलडी” म्हणतात, म्हणजे लो-डेन्सिटी, कमी घनतेचं पॉलिथिन. ती छोट्या दुकानातून मोठ्या दुकानात, तिथून धारावीसारख्या ठिकाणी जाते, रंगाप्रमाणे निवडली जाते, धुतली जाते, वितळवून तिचा दाणा होतो. त्या दाण्याच्या पुढे बागेच्या नळ्या, काळ्या कचरापिशव्या, शेतावरचं प्लास्टिक होतं. त्यातून परत दुधाची पिशवी होत नाही. छपाईची शाई आणि दुधाच्या स्निग्धाचा वास त्यात राहतो, म्हणून तो दाणा खाण्यापिण्याच्या कामाला चालत नाही. उतरत्या पायरीचं का होईना, पण दुसरं आयुष्य तिला मिळतं. कचऱ्यातल्या कुरकुरीत चकचकीत वेफर्सच्या पुडीला तेही मिळत नाही, कारण तिच्यात वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात.

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांना संघटित करते आहे. या बायका रोज हाताने जे निवडतात, त्यात दुधाची पिशवी हा त्यांना पैसे देणारा माल आहे. २०१८ च्या योजनेत या हातांना जागा नव्हती. घरातून दुकानात, दुकानातून डेअरीत असा नवा रस्ता आखला गेला आणि दारापर्यंत येणारा जुना रस्ता कागदावर आलाच नाही. मला या सगळ्यात सर्वांत खटकतं ते हे.

काचेची आठवण आणि काचेचं ओझं

या विषयावर बोलायला बसलं की मुंबईतलं कुणीतरी आरेची बाटली काढतंच. १९४९ साली गोरेगावला दारा खुरोडींनी आरे वसाहत उभी केली. टोन्ड दुधाची कल्पनाही त्यांचीच, आणि पुढे १९६३ मध्ये त्यांना व्हर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आरेचं दूध पातळ पन्नीच्या झाकणाच्या काचेच्या बाटलीत यायचं. पहाटे केंद्रावर रांग लागायची. रिकामी बाटली द्या, भरलेली घ्या. रिकामी नेली नाही तर दूध मिळायचं नाही, म्हणून प्रत्येक घरातली बाटली झोपण्याआधीच धुऊन दाराशी ठेवलेली असायची. नवं नाणं नको, नवी रांग नको. ज्या फेरीत दूध येई त्याच फेरीत बाटली परत जाई.

ही व्यवस्था मला मनापासून आवडते. तरीही काच आणली की प्रश्न सुटला, असं म्हणायला माझं मन धजत नाही. साधारण हिशोब मांडते. अर्धा लिटरची मजबूत काचेची बाटली साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. काच वितळवायला भट्टी १,५०० अंशांपर्यंत तापवावी लागते, आणि एक किलो काच बनवताना ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका बाटलीमागे साडेतीनशे ग्रॅम. तीन ग्रॅमच्या पिशवीमागे, दाण्यापासून फिल्म काढण्यापर्यंत सगळं धरलं तरी, आठ-दहा ग्रॅम. नुसत्या बनवण्याचा खर्च फिटायलाच बाटलीला चाळीसच्या आसपास फेऱ्या मारल्या पाहिजेत. त्याशिवाय प्रत्येक फेरीत गरम पाणी, कॉस्टिक सोडा, आणि जाता-येता वजन. दुधाच्या एका क्रेटमध्ये अर्ध्या लिटरच्या २४ पिशव्या बसतात. बारा लिटर दुधामागे पिशव्यांचं वजन पाऊणशे ग्रॅम. तेवढ्याच बाटल्यांचं आठ किलोच्या वर.

आरेची बाटली गोरेगावहून दादरला जात होती. आज मुंबईत कोल्हापूरचं दूध येतं. गोकुळचं दूध टँकरने वाशीला येतं आणि तिथे पिशवीत भरलं जातं, म्हणून पिशवीला प्रवास फक्त शेवटच्या टप्प्याचा आहे. गोठा दहा-पंधरा किलोमीटरवर असेल, गिऱ्हाईक ठरलेलं असेल आणि बाटली फुटेपर्यंत फिरत असेल, तर काच उत्तम. मोठ्या शहराला रोज लागणाऱ्या सगळ्या पिशव्यांच्या जागी ती बसवायची म्हटली तर मला ते गणित जुळत नाही. मात्र एकदाच वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या बाटलीशी तुलना केली तर चित्र पालटतं. अर्ध्या लिटरची ती बाटली पंधरा ते वीस ग्रॅमची असते. तिच्यासमोर काच आठ-दहा फेऱ्यांतच वसूल होते. अलीकडे “शुद्ध” म्हणून जे महागडं दूध अशा बाटल्यांतून घरपोच येतं, त्यात पिशवीच्या पाच-सहापट प्लास्टिक असतं. ती बाटली भंगारात चांगला भाव मिळवते हे खरं, पण आधी वापरलेलं प्लास्टिक त्याने कमी होत नाही.

दुधाच्या खोक्याबद्दल, म्हणजे टेट्रा पॅकबद्दल, थोडक्यात. त्यात साधारण तीन-चतुर्थांश कागद, बाकी पॉलिथिन आणि अगदी पातळ ॲल्युमिनियम. बंद खोक्याला फ्रीज लागत नाही ही त्याची मोठी जमेची बाजू, कारण शीतसाखळीची वीज वाचते. पण थर सोडवणाऱ्या कागद गिरण्या मोजक्या आहेत आणि कचरावेचक बाईला त्याचे पैसे फारसे मिळत नाहीत, म्हणून ते खोकं अनेकदा तसंच पडून राहतं. छोट्या खोक्यांची प्लास्टिकची नळी १ जुलै २०२२ च्या देशव्यापी बंदीत गेली, तिच्या जागी कागदाची आली. कॅनमध्ये आपण दूध पीत नाही, पण ॲल्युमिनियमचं एवढं सांगते की जुन्या कॅनपासून नवा करताना खनिजापासून करण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. भंगारवाला रस्त्यावर कॅन पडू देत नाही, त्याचं कारण हेच.

आणि एक गोष्ट या सगळ्या तुलनेच्या वर बसते. ती म्हणजे आतलं दूध. गाय-म्हैस, चारा, शेण, वाहतूक सगळं धरलं तर एका लिटर दुधामागे किलोभर किंवा त्याहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतका भार पडतो. अर्ध्या लिटरची एक पिशवी क्रेटमध्ये फुटली तर पन्नास पिशव्या बनवण्याइतकं नुकसान होतं. म्हणून पिशवी आणखी पातळ करा, असं कुणी म्हटलं की मला सकाळी दुकानासमोर फरशीवर वाहणारं दूध दिसतं. घरची चरवी नेऊन सुटं दूध आणणं हा सर्वांत कमी भाराचा मार्ग आहे, यात शंका नाही. भेसळीच्या भीतीने शहरातल्या बहुतेक घरांनी तो सोडला. ती भीती खोटी नाही, म्हणून मी कुणाला त्यावरून बोल लावणार नाही.

परत जाणारा टेम्पो

माझा सगळा भर आहे तो क्रेटवर. पहाटे टेम्पो येतो, भरलेले क्रेट उतरवतो आणि कालचे रिकामे क्रेट घेऊन जातो. रोज, न चुकता, कुणी अधिसूचना न काढता. एकही क्रेट रस्त्यावर पडलेला दिसत नाही, कारण तो डेअरीचा माल आहे आणि त्याचा हिशोब वितरकाच्या नावावर असतो. म्हणजे वस्तू परत न्यायची व्यवस्था दुधाच्या धंद्यात जिवंत आहे. त्या टेम्पोत, झाकण असलेल्या वेगळ्या पेटीत, धुतलेल्या वाळक्या पिशव्यांची एक गोणी का जाऊ नये? आमच्याकडे दूध टाकणाऱ्या वितरकाला मी हे विचारलं. तो म्हणाला, “वरून परवानगी नाही, गाडीत वास आला तर माल परत येईल.” त्याची भीती रास्त आहे. पण ती पेटी बनवता येणार नाही इतकी अवघड गोष्ट नाही, आणि तोलून दिलेल्या मालाचे पैसे वितरकाच्या बिलातून वजा करणं त्याहून सोपं आहे. ज्या वस्तीत कचरावेचक बायका येतात तिथे टेम्पोचीही गरज नाही. त्यांना मिळणाऱ्या भावात डेअरीने किलोमागे ठरावीक रक्कम घातली तर पिशव्या आपोआप वेगळ्या निघतील.

आता केंद्राच्या नियमांनुसार प्लास्टिकच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि २०२२ पासून ती प्रमाणपत्रांनी पुरी करता येते. तेवढ्याच वजनाचं त्याच प्रकारचं प्लास्टिक कुठेतरी गोळा होऊन पुन्हा वापरलं गेलं की खातं जुळतं. वजन जुळतं, पण आमच्या नाल्यातली पिशवी त्यात आली की नाही हे त्यातून कळत नाही.

आणि कोपरा तर कुठल्याच वजनात येत नाही. दीड सेंटिमीटरचा त्रिकोण, दोन्ही थर मिळून, एका ग्रॅमचा साधारण शंभरावा भाग. भंगारवाला तो कधीच उचलणार नाही. एक कोटी पिशव्यांचे कोपरे सगळ्यांनी तोडून टाकले तर दिवसाला शंभर किलो होतात, आणि ते शंभर किलो परत गोळा करण्याचा कोणताही उपाय नाही. म्हणून तो सुटूच नये, हा एकच मार्ग उरतो. युरोपीय संघाने ३ जुलै २०२४ पासून तीन लिटरपर्यंतच्या प्लास्टिक बाटल्यांचं झाकण बाटलीला जोडलेलंच राहिलं पाहिजे असा नियम लागू केला. आपल्या पिशवीच्या कोपऱ्यावर कुठपर्यंत कापायचं याची एक ठळक रेघ छापायला डेअरीला नवं यंत्रही लागणार नाही. शाई तर तिथे आधीच आहे.

आमच्या सोसायटीच्या सूचना-फलकावर गेल्या वर्षी मी एक चिठ्ठी लावली. “कोपरा तोडू नका, आडवी चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकू द्या.” खाली एक चीर दिलेली खरी पिशवी टाचणीने लावली, कारण लिहिलेलं वाचून कुणालाच नेमकं कळत नव्हतं. जिन्याखाली गोणी ठेवली आहे. ती भरली की कचरा न्यायला येणाऱ्या मावशी घेऊन जातात, पैसे त्यांचे. चाळणीवर अजून त्रिकोण येतात. मागच्या खेपेला मूठभर होते, त्याआधी वाटीभर. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, “मला कात्री चालवताना हात थरथरतो गं, कोपरा उडतोच.” आता त्या तो कोपरा ओट्यावरच्या काचेच्या बरणीत टाकतात, आणि बरणी भरली की नातू ती खाली आणून गोणीत रिकामी करतो.